वाढीचा क्रम आणि नियमाची भाषा : प्राणियुद्धाच्या पत्त्यांचे एक परीक्षण

१

खेळाच्या नियमांची भाषा हा भाषाशास्त्राच्या अभ्यासात बराचसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. कायद्याच्या भाषेची चिकित्सा होते, शास्त्रीय परिभाषेची होते; परंतु पत्त्यांच्या खेळाची नियमावली म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वी एकदा वाचून बाजूला ठेवावयाची वस्तू, असाच सर्वसाधारण समज दिसतो. जुन्या खेळांपुरता हा समज फारसा चुकीचा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १० रंगांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात. त्यांपैकी ५ रंगांत दहा ठिपक्यांचा पत्ता एका ठिपक्याच्या पत्त्याहून श्रेष्ठ, तर उरलेल्या ५ रंगांत नेमके याच्या उलट मानले जाते. हा भेद पत्त्यावर कोठेही लिहिलेला नसतो. खेळणाऱ्यास तो परंपरेने ठाऊक असतो. अशा खेळात पत्ता मुका असतो आणि नियम पत्त्याच्या बाहेर वसत असतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ह्याहून वेगळ्या जातीचे खेळ उदयास आले. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली प्रसिद्ध झाला. ‘पोकेमॉन’चा पत्त्यांचा खेळ १९९६ साली आणि ‘यु-गि-ओ’चा अधिकृत पत्त्यांचा खेळ १९९९ साली जपानात निघाला. ह्या तिन्ही खेळांत काल्पनिक प्राणी परस्परांशी लढतात, आणि तिन्हींत पत्ता बोलका असतो. प्राण्याच्या चित्राखाली एक किंवा अनेक वाक्ये छापलेली असतात व ती वाक्ये म्हणजेच नियम होत. पत्ता मांडला की नियमावलीत एका कलमाची भर पडते. पत्ता नाहीसा झाला की ते कलम रद्द होते.

अशा खेळात एक प्रश्न पदोपदी उपस्थित होतो. एका प्राण्याच्या आक्रमणाच्या व संरक्षणाच्या अंकांवर एकाच वेळी अनेक वाक्ये लागू झाली, तर अंतिम अंक कोणता धरावयाचा? सर्व वाक्ये केवळ बेरीज सांगणारी असती, तर क्रमाचा प्रश्नच उद्भवला नसता. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते. परंतु एक वाक्य ‘तीन मिळवा’ म्हणते, दुसरे ‘दुप्पट करा’ म्हणते आणि तिसरे ‘अंक एक करा’ म्हणते. मूळ अंक २ असल्यास आधी तीन मिळवून दुप्पट केल्याने १० येतात, तर आधी दुप्पट करून तीन मिळवल्याने ७. गणिताची अडचण येथे काहीच नाही. अडचण आहे ती वाक्यांच्या परस्परसंबंधाची, म्हणजे व्याकरणाची. हा क्रम हे तीन खेळ कोणत्या भाषिक साधनांनी ठरवितात, आणि तसे करताना पत्ता वाचणाऱ्याकडे कितपत अधिकार शिल्लक ठेवतात, ह्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम अंकांचे स्वरूप पाहणे अवश्य आहे, कारण ‘वाढ’ ह्या शब्दाचा अर्थ तिन्ही खेळांत एकच नाही.

‘मॅजिक’मध्ये प्राण्याच्या पत्त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरक्या रेघेने विभागलेले दोन अंक असतात. पहिला बळाचा, दुसरा चिवटपणाचा. दोन प्राणी भिडले म्हणजे प्रत्येक जण आपल्या बळाइतकी इजा दुसऱ्यास करतो आणि सामान्यतः ही इजा एकाच क्षणी होते. ज्याच्या चिवटपणाइतकी किंवा त्याहून अधिक इजा झाली, तो मरतो. २/२ चा प्राणी ३/३ च्या प्राण्याशी लढला तर पहिला मरेल, दुसरा जगेल. पहिल्याचे बळ एकाने वाढविले तर दोघेही मरतील. बळाऐवजी चिवटपणा एकाने वाढविला तर फलात काहीच फरक पडणार नाही; तो दोनाने वाढवावा लागेल. तात्पर्य, वाढीचे मोल तिच्या आकारात नसून ती एखादा उंबरठा ओलांडते की नाही ह्यात असते. म्हणूनच एका अंकाच्या हिशेबावर संपूर्ण डावाचा निकाल अवलंबून राहतो, आणि हिशेबाचा क्रम ही केवळ पंडिती काथ्याकुटाची बाब राहत नाही.

‘यु-गि-ओ’मध्येही आक्रमण व संरक्षण असे दोन अंक आहेत, परंतु ते एका वेळी दोन्ही कामास येत नाहीत. पत्ता उभा ठेवला तर त्याचा आक्रमणाचा अंक मोजावयाचा, आडवा ठेवला तर संरक्षणाचा. ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ ह्या प्रख्यात पत्त्याचे अंक ३००० व २५०० असे आहेत. तो आडवा असता त्याच्या आक्रमणात कितीही वाढ केली तरी ती बचावाच्या कामी सामान्यतः येत नाही. आक्रमकाचा अंक आडव्या पत्त्याच्या संरक्षणाहून अधिक भरला तर तो पत्ता नष्ट होतो. कमी भरला तर आक्रमक नष्ट होत नाही, मात्र फरकाइतके प्राणांक त्याच्या धन्यास गमवावे लागतात. ‘पोकेमॉन’मध्ये संरक्षणाचा स्वतंत्र अंकच नाही. तेथे प्राण्याचे जीवनांक असतात, आणि संरक्षणाचे काम ‘दुर्बलता’ व ‘प्रतिकार’ ह्या दोन नोंदी करतात. दुर्बलतेमुळे होणारी इजा आज दुप्पट होते. प्रतिकारामुळे ती ठराविक अंकाने कमी होते.

३

क्रम ठरविण्याचे तीन मार्ग ह्या तीन खेळांत दिसून येतात. पहिला मार्ग क्रम वाक्यातच लिहून टाकण्याचा, दुसरा काळाच्या ओघावर सोपविण्याचा, आणि तिसरा पत्त्याबाहेर एक स्वतंत्र व्याकरण रचण्याचा.

पहिल्या मार्गाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘पोकेमॉन’मधील ‘प्लसपॉवर’ ह्या पत्त्यात सापडते. १९९९ साली इंग्रजीत निघालेल्या पहिल्या संचात ह्या पत्त्याने हल्ल्याची इजा १० ने वाढत असे, आणि कंसात अशी पुस्ती होती की, ही वाढ दुर्बलता व प्रतिकार लागू केल्यानंतर करावी. २०११ च्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ संचात त्याच नावाचा पत्ता पुन्हा छापला गेला तेव्हा कंसातील एक शब्द बदलला होता; ‘नंतर’च्या जागी ‘पूर्वी’ आले होते. ३० इजेचा हल्ला दुर्बल प्राण्यावर केला तर जुन्या पत्त्याने ३० ची दुप्पट ६० व त्यांत १०, म्हणजे ७० इजा होते. नव्या पत्त्याने ३० व १० मिळून ४० आणि त्याची दुप्पट ८०. नाव तेच, वाढ तीच, फरक एका कालदर्शक अव्ययाचा. त्या अव्ययावर १० इजेचे ओझे आहे, आणि ते ओझे वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेले आहे. क्रमाचा सर्वसाधारण नियम खेळाच्या पुस्तिकेतही दिलेला आहे, तथापि पत्ता वाचकास पुस्तिकेकडे धाडत नाही. वाक्य थोडे लांबते आणि कंसामुळे काहीसे कुरूपही होते, परंतु ते आपल्या अर्थाची जबाबदारी स्वतः उचलते. ही ह्या मार्गाची थोरवी होय. त्याची मर्यादाही उघड आहे. हिशेबाच्या पायऱ्या मोजक्या असेतोवरच प्रत्येक वाक्यास आपली जागा सांगणे शक्य असते.

दुसरा मार्ग ‘यु-गि-ओ’चा. तेथे पत्त्याची भाषा मुख्यतः एका विशेषणावर विसंबते. ‘मूळ आक्रमण’ म्हणजे पत्त्यावर छापलेला अंक, आणि नुसते ‘आक्रमण’ म्हणजे त्या क्षणी असलेला अंक. २००० आक्रमणाच्या एका यंत्रप्राण्यास ‘अ‍ॅक्स ऑफ डिस्पेअर’ हे आयुध जोडले असता त्याचे आक्रमण १००० ने वाढून ३००० होते. त्यानंतर ‘लिमिटर रिमूव्हल’ हा पत्ता खेळला तर चालू अंक दुप्पट होऊन ६००० होतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी दुप्पट व मग आयुध, तर ४००० व १००० मिळून ५००० च भरतात. येथे क्रम ठरविणारा घटक काळ हा आहे; जे आधी घडले ते आधी मोजले जाते. उलटपक्षी ‘मेगामॉर्फ’ हे आयुध जोडणाऱ्याचे प्राणांक प्रतिस्पर्ध्याहून कमी असता मूळ आक्रमण दुप्पट करते. ‘मूळ’ हा शब्द तेथे असल्यामुळे आयुधांची वाढ दुपटीत सापडत नाही. ती वरून मिळविली जाते व बेरीज ५००० होते.

ह्या मार्गात एक नैसर्गिकपणा आहे. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने त्या सांगाव्यात, हा कथनाचा सर्वांत जुना संकेत आहे आणि कोणत्याही भाषेचा वाचक तो बरोबर घेऊनच येतो. प्रकाशकांनी २०११ पासून पत्त्यांवरील विरामचिन्हांनाही निश्चित अर्थ दिला. अपूर्णविरामापूर्वी अट, अर्धविरामापूर्वी मोबदला किंवा लक्ष्याची निवड, आणि त्यानंतर परिणाम. विरामचिन्हास प्रत्ययाचे सामर्थ्य देण्याचा हा प्रयोग भाषाभ्यासकाने आवर्जून पाहण्यासारखा आहे. परंतु वाढीच्या हिशेबात ह्या मार्गाची त्रुटी लपत नाही. ‘दुप्पट करा’ हे वाक्य एकदा घडणारी क्रिया सांगते, तर आयुधाचे वाक्य टिकून राहणारी स्थिती सांगते. क्रिया आणि स्थिती एकत्र आल्या म्हणजे केवळ काळाचा क्रम पुरत नाही. दुपटीनंतर आयुध नष्ट झाले तर त्याचे १००० जावेत की दुपटीने झालेले २०००, ह्याचे उत्तर पत्त्यावरील वाक्यातून निघत नाही.

४

तिसरा मार्ग ‘मॅजिक’चा. त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे भाग आहे, कारण नियमरचनेचा इतका महत्त्वाकांक्षी प्रयत्न दुसऱ्या कोणत्याही पत्त्यांच्या खेळात क्वचितच सापडेल.

‘मॅजिक’ने टिकाऊ परिणामांना ७ स्तरांत विभागले आहे. पहिल्या स्तरात नक्कल करणारे परिणाम, दुसऱ्यात स्वामित्व बदलणारे, तिसऱ्यात पत्त्याचे शब्द बदलणारे, चौथ्यात प्रकार बदलणारे, पाचव्यात रंग बदलणारे, सहाव्यात अंगच्या शक्ती देणारे किंवा काढून घेणारे, आणि अखेरीस सातव्यात बळ व चिवटपणा ह्यांचे अंक बदलणारे. सातव्या स्तराचेही आज ४ उपस्तर आहेत. आरंभी प्राण्याच्या स्वतःच्याच वाक्याने ठरणारा अंक येतो. उदाहरणार्थ २००७ च्या ‘टार्मोगॉयफ’चे बळ सर्वांच्या टाकाऊ ढिगांत किती प्रकारचे पत्ते आहेत ह्यावर ठरते. त्यानंतर अंक विशिष्ट संख्येस आणून ठेवणारे परिणाम, त्यानंतर वाढ व घट करणारे परिणाम आणि त्याच कामाच्या सोंगट्या, आणि सर्वांच्या शेवटी बळ व चिवटपणा ह्यांची अदलाबदल. एकाच उपस्तरात दोन परिणाम आले तरच काळाचा क्रम पाहावयाचा. आणि तेथेही एकाच्या फलावर दुसऱ्याचे लागू होणेच अवलंबून असेल, तर अवलंबून असलेल्याने थांबावयाचे.

ह्या मांडणीमागील तर्क प्रशंसनीय आहे. ‘बॅड मून’ हा पत्ता सर्व काळ्या प्राण्यांना +१/+१ देतो. एखादा प्राणी काळा आहे की नाही हे ठरल्यावाचून ही वाढ त्यास मिळते की नाही हे सांगता येणार नाही. म्हणून रंगाचा स्तर अंकांच्या स्तरापूर्वी. वस्तू प्रथम काय आहे, मग कशी आहे, मग किती आहे, असा हा क्रम आहे, आणि विशेष्य, विशेषण व परिमाण ह्यांच्या विचाराची सवय असलेल्या अभ्यासकास तो चटकन पटतो.

परंतु अंकांच्या उपस्तरांत शिरल्यावर वाचकाची सामान्य भाषाबुद्धी व नियमावली ह्यांची फारकत होऊ लागते. ‘ग्रिझली बेअर्स’ हा २/२ चा साधा प्राणी घ्यावा. त्यावर ‘जायंट ग्रोथ’ खेळला. त्या पत्त्याने प्राण्यास पाळी संपेपर्यंत +३/+३ मिळते, म्हणून तो ५/५ झाला. प्रतिस्पर्ध्याने उत्तरादाखल ‘टर्न टू फ्रॉग’ खेळून त्याचा बेडूक केला. हा पत्ता २०११ साली प्रथम निघाला तेव्हा त्यावरील वाक्याचा सरळ अर्थ ‘प्राणी १/१ चा निळा बेडूक बनतो’ असा होता. साधा वाचक म्हणेल की, बेडूक शेवटी झाला, यास्तव अंक १/१. स्तरांचा नियम म्हणतो ४/४. कारण विशिष्ट संख्येस आणण्याचा उपस्तर वाढीच्या उपस्तरापूर्वी येतो, मग घटना कोणत्याही क्रमाने घडोत. जे नंतर घडले ते आधी घडले असे मानावयाचे. अदलाबदलीच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. १/४ च्या प्राण्याचे अंक ‘ट्विस्टेड इमेज’ने बदलून ४/१ केले आणि त्यानंतर त्यास +२/+० दिले, तर भोळा हिशेब ६/१ सांगेल. नियमाने मात्र वाढ आधी, म्हणजे ३/४, आणि अदलाबदल नंतर, म्हणजे ४/३. बळासाठी दिलेली वाढ चिवटपणात जाऊन पडली.

ह्या विसंगतीची जाणीव नियमकर्त्यांना नव्हती असे नाही. पुढे अशा पत्त्यांच्या शब्दरचनेत ‘मूळ बळ व चिवटपणा’ ह्या अर्थाचा शब्दप्रयोग घालण्यात आला. बेडकाच्या पत्त्यावरील आजचे अधिकृत वाक्य ‘मूळ बळ व चिवटपणा १/१ असलेला बेडूक’ असे आहे. ‘मूळ’ ह्या एका शब्दाने वाचकास सूचना मिळते की, ह्या पायावर आणखी काही रचलेले असू शकेल. पत्त्याबाहेरचे व्याकरण पूर्ण व निर्दोष असूनही ते पुरत नाही, पत्त्यावरील वाक्याने त्यास साक्ष द्यावी लागते, अशी ही एक प्रकारची कबुलीच होय.

कालमर्यादेचाही येथे निर्देश केला पाहिजे. २/२ चा प्राणी ‘जायंट ग्रोथ’ने ५/५ झाला आणि त्यास ४ इजा झाली. पाळी संपताच वाढ सरली, तर २ चिवटपणा व ४ इजा म्हणून तो मरावयास हवा. तो मरत नाही, कारण पाळीच्या अखेरीस वाढ सरणे आणि इजा पुसली जाणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात असा नियम आहे. परंतु हीच गोष्ट ‘ग्लोरियस अँथम’ ह्या टिकाऊ पत्त्याने मिळणाऱ्या +१/+१ च्या बाबतीत पाहावी. ३/३ झालेल्या प्राण्यास २ इजा झाली आणि त्याच पाळीत तो पत्ता नष्ट झाला, तर प्राणी २/२ होतो, इजा मात्र शिल्लक राहते, आणि तो मरतो. उधार घेतलेली वाढ कोणत्या क्षणी परत करावी लागते ह्यावर जीवनमरण ठरते. येथे पत्त्यावरील वाक्य प्रामाणिक आहे. ‘पाळी संपेपर्यंत’ हे शब्द पहिल्या पत्त्यावर आहेत, दुसऱ्यावर नाहीत. वाचकास निदान फरकाचा सुगावा लागतो.

ज्या ठिकाणी असा सुगावाही लागत नाही, त्याचे प्रसिद्ध उदाहरण ‘ह्युमिलिटी’ (१९९७) व ‘ओपॅलेसन्स’ (१९९९) ह्या दोन पत्त्यांचे. पहिला सर्व प्राण्यांच्या शक्ती हिरावून त्यांचे मूळ अंक १/१ करतो. दुसरा आपल्याखेरीज बहुतेक सर्व मंत्रपत्त्यांना प्राणी बनवतो आणि प्रत्येकाच्या खर्चाइतके मूळ अंक देतो. ‘ह्युमिलिटी’ हा स्वतः मंत्रपत्ता असून त्याचा खर्च ४ आहे. दोन्ही एकत्र आले की पहिला प्राणी बनतो, आणि आपल्याच वाक्याने आपली शक्ती हिरावून घेतो. मग ते वाक्य उरले कोठे? नियम सांगतो की, सहाव्या स्तरात एकदा लागू होऊ लागलेला परिणाम पुढील स्तरांतही चालू राहतो, जरी त्याचा उगम मध्येच नष्ट झाला तरी. सातव्या स्तरात दोघांचे अंक भिडतात आणि तेथे काळ पाहिला जातो. ‘ओपॅलेसन्स’ नंतर आला असेल तर ‘ह्युमिलिटी’ ४/४, तो आधी आला असेल तर १/१. उत्तर निश्चित आहे, आणि निश्चित उत्तर असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु ह्यांतील एकही पायरी त्या दोन पत्त्यांच्या शब्दांत नाही.

५

भारतीय वाचकास ह्या ठिकाणी पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. अष्टाध्यायीतही नियम परस्परांशी भिडतात, आणि ते भिडल्यास कोणी माघार घ्यावी ह्यासाठी नियमांवरचे नियम आहेत. तुल्यबल विरोधात नंतरचा नियम बलवान, हे सूत्र पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात येते. परंपरेने ‘नंतरचा’ ह्याचा अर्थ ग्रंथातील स्थानावरून लावला. केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट ह्यांच्या प्रबंधाने ह्याच शब्दाचा अर्थ पदातील उजवीकडील घटकास लागू होणारा नियम असा लावावा असे प्रतिपादिले, आणि २०२२ साली त्यावर पुष्कळ चर्चा झाली. आठव्या अध्यायाच्या अखेरच्या तीन पादांतील नियम तर आधीच्या नियमांच्या दृष्टीने जणू घडलेच नाहीत असे मानले जातात. घडलेल्या गोष्टीस न घडलेली समजावयाचे, ही कल्पना आणि ‘नंतर झालेला बेडूक आधी मोजावा’ ही कल्पना, दोहोंची जात एकच आहे. क्रम काळाचा न राहता शास्त्राचा होतो. ह्या नियमांवरच्या नियमांचा, म्हणजे परिभाषांचा, विचार नागेशभट्टाने अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ ह्या ग्रंथात केला; आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न ह्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे संपादन व भाषांतर केले. महाराष्ट्रातील व्याकरणाभ्यासास हा प्रश्न नवीन नाही.

परंतु साम्य दाखवून थांबणे हा समीक्षेचा आळस ठरेल. दोहोंत एक मूलभूत भेद आहे. पाणिनीपुढे शिष्टांचा प्रयोग आधीच उभा होता. रूप सिद्ध करताना नियमांचा क्रम चुकला तर चुकीचे रूप निघते, आणि ते चुकीचे आहे हे भाषेच्या जाणकारास व्याकरणावाचूनही कळते. बोलणाऱ्यास त्रिपादी ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचे बोलणे व्याकरणाच्या आधीच शुद्ध असते. खेळात असा पूर्वसिद्ध प्रयोग नसतो. बेडकाचे अंक ४/४ आहेत ते केवळ नियम तसे म्हणतो म्हणून. नियमावाचून उत्तर तपासण्याची कोणतीही कसोटी खेळणाऱ्यापाशी नाही. म्हणून व्याकरणाची गुंतागुंत बोलणाऱ्यावर लादली जात नाही, खेळातील गुंतागुंत मात्र खेळणाऱ्यावर लादली जाते.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, नियम सरावाने अंगवळणी पडतात, जशी मातृभाषा पडते. आक्षेपात तथ्य आहे, पण ते नित्य घडणाऱ्या प्रसंगांपुरते. +३/+३ ची वाढ हजार वेळा पाहून कोणीही शिकेल. ‘ह्युमिलिटी’ व ‘ओपॅलेसन्स’ ह्यांची गाठ मात्र बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही पडत नाही, आणि पडलीच तर त्या क्षणी डाव पणास लागलेला असतो. जे वापरातून शिकता येत नाही ते ग्रंथातूनच शिकावे लागते. आणि ज्याने ग्रंथ वाचला नाही त्याने पंचाचा शब्द प्रमाण मानावा लागतो. अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन व ऑस्टिन हेरिक ह्यांनी २०१९ साली दाखवून दिले की, ह्या खेळाच्या नियमांतून ट्यूरिंगच्या यंत्राची संपूर्ण रचना करता येते. त्या रचनेत प्राण्यांचे बळ व चिवटपणा हेच फितीवरील स्थान दर्शवितात. परिणामतः काही डावांचा निकाल कोणत्याही निश्चित पद्धतीने आगाऊ ठरविता येणार नाही. वाढीच्या साध्या हिशेबातून इथवर मजल जाते, ही नियमरचनेच्या सामर्थ्याची साक्ष आहे; आणि वाचकाच्या एकटेपणाचीही.

६

हे विवेचन इंग्रजी व जपानी पत्त्यांपुरतेच आहे असे वाटू नये म्हणून मराठीकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. अशा पत्त्यांवरील वाक्ये मराठीत लिहावयाची झाल्यास पहिलीच अडचण क्रियापदाची येईल. ‘त्याचे बळ पाच होते’ ह्या वाक्याचे दोन अर्थ आहेत. ‘होणे’चा वर्तमानकाळ घेतला तर बळ पाच बनते, ‘असणे’चा भूतकाळ घेतला तर ते पूर्वी पाच होते, आता असेलच असे नाही. एकच रूप बदल सांगते आणि बदलापूर्वीची स्थितीही सांगते. इंग्रजी पत्त्यांनी ‘गेट्स’, ‘हॅज’ व ‘बिकम्स’ ह्या क्रियापदांत जी कामे वाटून दिली आहेत, ती मराठीत ‘मिळते’, ‘असते’ व ‘होते’ ह्यांत वाटता येतील असे प्रथमदर्शनी वाटते. पण नेमक्या मोक्याच्या जागी ‘होते’ दगा देते. तेथे ‘पाचावर येते’ किंवा ‘पाच धरावे’ असे म्हणणे बरे.

विभक्ती मात्र मराठीच्या मदतीस येतात. ‘पाचाने वाढते’ आणि ‘पाचापर्यंत वाढते’ ह्यांतील भेद लहान मुलासही कळतो. वाढ देणे आणि संख्येस आणून ठेवणे हे जे दोन उपस्तर ‘मॅजिक’ला स्वतंत्र कलमांनी सांगावे लागले, ते येथे तृतीयेचा प्रत्यय व शब्दयोगी अव्यय ह्यांनी एका शब्दात वेगळे होतात. उलट ‘दुपटीने वाढते’ हा प्रयोग नियमलेखकाने कटाक्षाने टाळला पाहिजे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘दुप्पट होते’ असा घेतला जातो, पण शब्दशः घेतल्यास मूळ अंकात त्याची दुप्पट मिळवून तिप्पट भरते. ‘मूळ बळाच्या दुप्पट धरावे’ हे वाक्य लांब असले तरी निर्दोष आहे.

ह्यावरून एवढे निश्चित होते की, क्रमाचा काही भार प्रत्येक भाषा आपल्या प्रकृतीनुसार वाक्यातच उचलू शकते. तो भार वाक्यावरून काढून नियमावलीवर टाकण्याची घाई करू नये.

७

आता तिन्ही मार्गांचे मोल ठरविता येईल. ‘पोकेमॉन’चा मार्ग वाचकाशी सर्वांत प्रामाणिक आहे, परंतु त्याची झेप मर्यादित आहे. ‘यु-गि-ओ’चा मार्ग कथनाच्या नैसर्गिक संकेतावर उभा आहे, परंतु क्रिया व स्थिती ह्यांच्या संगमावर तो डळमळतो. ‘मॅजिक’चा मार्ग सर्वांत समर्थ आहे; दोन निष्णात पंच एकाच प्रश्नाचे दोन उत्तरे देणार नाहीत, अशी त्याची रचना आहे. अनोळखी खेळाडू स्पर्धेत समोरासमोर बसतात तेव्हा निकाल आवाजाच्या चढावर न ठरता नियमावर ठरावा, ही न्यायाची गरज आहे आणि ती स्तरांनी भागविली आहे. ह्या कामगिरीस उणेपणा देणे अनुचित होईल.

तथापि न्यायाची दुसरीही एक गरज आहे. ज्यास नियम लागू होतो त्यास तो वाचता आला पाहिजे. पत्ता हातात धरणारा मुलगा त्यावरील वाक्य वाचतो, त्याचा सरळ अर्थ लावतो आणि तो अर्थ चुकीचा ठरतो. त्यात त्याच्या वाचनाचा दोष नसतो. अशा प्रसंगी वाक्य बदलावयाचे की वाचकास ग्रंथाकडे धाडावयाचे, हा नियमकर्त्यापुढील खरा प्रश्न होय. बेडकाच्या पत्त्यात ‘मूळ’ हा शब्द घालून नियमकर्त्यांनी पहिला पर्याय स्वीकारला, आणि तो त्यांच्या सर्व स्तररचनेइतकाच महत्त्वाचा निर्णय मानला पाहिजे. ‘ह्युमिलिटी’सारख्या पत्त्यांपुढे असा एखादा शब्द सापडणे कठीण आहे, तेथे ग्रंथावाचून गत्यंतर नाही. परंतु जेथे एका विशेषणाने, एका प्रत्ययाने किंवा कंसातील एका अव्ययाने काम भागते, तेथे ते न वापरणे हा नियमलेखनातील दोषच होय. नियमभाषेची परीक्षा करताना तिचे उत्तर निश्चित आहे काय एवढेच विचारून भागत नाही. ते उत्तर वाचकास किती अंतरावर सापडते, हेही मोजावे लागते.